टेलचा कडुनिंब

"मॅडम, आज कपडे नाई का?"

सकाळचे पावणेसात. फाटकाबाहेर उभा असलेला माणूस हा प्रश्न अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो आहे. आमच्याकडे नवीन लागलेल्या बाईने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती हातातला झाडू टाकून आत पळाली आणि म्हणाली, "ताई, बाहेर कोनी वेडा उभा हाये." मी म्हटलं, वेडा नाही, शेजारी आहे. पण हे सांगताना माझ्याही आवाजात फारशी खात्री नव्हती.

त्यांना विचारायचं असायचं एवढंच, की आज तुमच्या घरी कपडे धुतले जाणार आहेत का, असल्यास खळबळायचं पाणी किती वाजता निघेल, आणि ते मोरीत न सोडता पाइपाने बाहेरच्या झाडांना द्याल ना. सोमवार आणि गुरुवार हे आमचे वार होते. आमचे म्हणजे त्यांनी आम्हाला दिलेले. एकदा मंगळवारी मुलीचा गणवेश चिखलाने भरला म्हणून मी मशीन लावलं, तर मशीनच्या आवाजावर हे दारात हजर. "आज तुमचा नंबर नाई जी," म्हणाले. मी शाळेत चौथीला शिकवते, चाळीस पोरांवर रोज ओरडते, कोणाला भीत नाही. तरी त्या दिवशी मी मशीन बंद केलं. का बंद केलं ते मला आजही कळलेलं नाही.

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरमध्ये आम्ही घर बांधलं, तेव्हा इथली जमीन नुकतीच धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, प्लॉटमध्ये आली होती. रस्ता मुरमाचा. रस्त्याच्या दोन्ही कडांना सात-आठ फुटांची उघडी साइडपट्टी. बाकीच्या गल्ल्यांमध्ये त्या पट्टीत लोकांनी रेती टाकली, म्हशी बांधल्या, पायऱ्या काढल्या. आमच्या गल्लीत मात्र आम्ही राहायला येण्याच्या आधीच बावीस रोपं लावून झाली होती. सगळे करंज, फक्त शेवटचे तीन कडुनिंब. त्यामागे काही विचार असेल असं मला बरीच वर्षं वाटत होतं. नंतर कळलं की रोपवाटिकेत करंज संपले होते.

ही रोपं लावणारे गृहस्थ गल्लीच्या तोंडाशी राहत. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात, इटियाडोहच्या कालव्यांवर गेलेली. दरवाजे उघडायचे, बंद करायचे, पाणी मोजायचं आणि शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या. आमच्याकडे कालव्याला नहर म्हणतात, म्हणून सगळी कॉलनी त्यांना नहरवाले काका म्हणे. बुटके, काळेसावळे, अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, पायात रबरी बूट, उन्हाळ्यातसुद्धा. सायकलच्या दांड्याला फावडा बांधलेला. त्या सायकलवर बसलेलं त्यांना मी कधी पाहिलं नाही. सायकल हातात धरून ते फावड्याला फिरवून आणत असं माझा नवरा म्हणायचा.

अशा माणसाला गल्ली दिसत नाही. त्यांना नहर दिसायची. त्यांचं घर जिथे होतं ते हेड, म्हणजे जिथून पाणी सुटतं ते तोंड. आणि आमचं घर शेवटचं, त्यापुढे रस्ता बंद, म्हणून आम्ही टेल. सगळ्या झाडांना त्यांनी एका लांब चराने जोडून घेतलं होतं, आणि प्रत्येक झाडाभोवती वीतभर उंचीचा मातीचा धुरा, म्हणजे बांध, घालून चौकोनी बांधी केली होती, अगदी धानाला करतात तशी. लोक झाडाला गोल आळं करतात. यांनी बावीस शेतं केली होती. प्रत्येकाच्या फाटकासमोरून तो चर जाई, आणि त्यात पाय मुरगळला नाही असा पाहुणा आमच्या घरी आलेला मला आठवत नाही.

टेलला राहण्याचा दुसरा अर्थ असा, की त्यांच्या नियमाप्रमाणे पाणी आधी टेलला द्यायचं. "हेडवाल्याले पानी मागाव लागत नाई, मॅडम. टेलवाल्याले मागूनही भेटत नाई," असं ते दर आठ दिवसांनी मला ऐकवत. म्हणजे तीन कडुनिंब भिजल्याशिवाय बाकीच्या एकोणीस झाडांचा दिवस सुरूच होत नसे, आणि तीन कडुनिंब होते आमच्या फाटकासमोर. म्हणून सकाळी पावणेसात आमच्या वाट्याला आले. हेडजवळची मंडळी आठ-साडेआठपर्यंत आरामात झोपायची.

पाणीही कसलंही चालत नसे. साबणाचं पहिलं पाणी नाही, दुसरंही नाही, तिसरं खळबळलेलं पाहिजे. ते ओंजळीत घेऊन बघत, नाकाशी नेत, दोन बोटांमध्ये चोळत. मी एकदा मुद्दाम दुसरं पाणी सोडलं. त्यांनी चर पायाने बंद केला आणि एवढंच म्हणाले, "फेस हाये." मग ते तिथेच उभे राहिले. मी आत येऊन डबा भरला, वेणी घातली, बाहेर डोकावले, तरी उभे. शेवटी मी बोअरचं स्वच्छ पाणी पाच मिनिटं सोडलं. माझी शाळा तिरोड्याला, तिकडची गाडी चुकली, आणि मुख्याध्यापकांना कारण काय सांगायचं हे मला सुचेना. झाडाला फेसाचं पाणी गेलं म्हणून उशीर झाला, हे कारण कुठल्या रजिस्टरमध्ये बसतं?

त्यांचं हे टेल-प्रकरण झाडांपुरतं राहिलं असतं तर मी सोसलं असतं. आमच्या वास्तुशांतीची गोष्ट सांगते. अंगणात पंगत बसली होती. पहिल्या पाटावर माझे मोठे सासरे, सडक अर्जुनीहून खास आलेले, मानाचे. पंगतीच्या मध्यावर नहरवाले काका. वाढप्याने बुंदीचं घमेलं उचललं आणि मोठ्या सासऱ्यांच्या पानाशी वाकला, तेवढ्यात हे उठून उभे राहिले.

"थांबा जी! टेलपासून वाढा!"

वाढपी थांबला. सगळी पंगत थांबली. मला वाटलं गंमत करताहेत. गंमत नव्हती. त्यांनी स्वतः जाऊन वाढप्याचा दंड धरला आणि त्याला शेवटच्या पानाशी नेलं, जिथे आमच्या घराचं प्लास्टर करणारे मजूर बसले होते. तिथून उलटं वाढत आणलं. मजुरांनी दोन-दोनदा घेतली, आणि का घेऊ नये? बुंदी मोठ्या सासऱ्यांपासून तीन पानं अलीकडे संपली. ते कालवलेला भात तसाच ठेवून उठले. पुढची दोन वर्षं ते आमच्या घरी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी काकांना गाठून चांगलं सुनावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन शेवटच्या मानसाले भेटली का नाई?"

त्यांच्या बायकोचा, काकूंचा, मला फार आधार होता. आमच्या दोघींच्या तक्रारी एकच होत्या, फक्त त्यांच्या चाळीस वर्षं जुन्या. संध्याकाळी त्या वाटीभर काहीतरी घेऊन यायच्या, ओट्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, "तुमी तर सोमवारी-गुरुवारी भोगता जी. मी रोज भोगून राहिली." हे असं का, ते एकदा त्यांनीच सांगितलं. काकांनी कधी सांगितलं नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी, टेलपर्यंत पाणी पोचलं अशा कागदावर त्यांनी सही केली होती. न जाता. सगळेच करायचे. आठ दिवसांनी दुसऱ्या कामासाठी त्या गावाला गेले, तर जमीन भेगाळलेली. धुऱ्यावर एक म्हातारी बसली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने एवढंच म्हटलं, "साहेब, तुमचा कागद ओला हाये. माही बांधी नाई."

"तेव्हापासून याईचं डोकं असंच हाये," काकू म्हणाल्या, आणि वाटी उचलून गेल्या.

हे ऐकून माझं मन विरघळायला पाहिजे होतं. थोडं विरघळलंही, रविवारपर्यंत. रविवारी त्यांनी माझ्या भावाची मोटरसायकल कडुनिंबाच्या सावलीतून काढून उन्हात नेऊन लावली, कारण तिचं स्टँड मुळावर टेकत होतं.

आणि सावली होती, हे कबूल करायला पाहिजे. आमच्याकडचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. दुपारी शाळेतून आल्यावर स्कूटीच्या सीटला हात लावला तर पोळतो. शेजारच्या गल्लीतल्या बायका ओल्या टॉवेलने सीट पुसून मग बसत. आमची गल्ली मात्र आठव्या-नवव्या वर्षी अशी झाली की भाजीवाला ठेला तिथे आणून तासभर उभा राहायचा, भाजी विकली जावो न जावो. कडुनिंब तर करंजांपेक्षा उंच गेले होते. चैत्रात त्यांच्या फुलांचा वास आमच्या स्वयंपाकघरात येई. मी ओट्यावर बसून वह्या तपासायची त्या सावलीत. काकांना मात्र हे कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर त्यांनी शुक्रवारही आमच्या नावावर टाकला असता.

गल्लीत मधोमध राइस मिलवाले भैया राहतात. मनाने चांगला माणूस, पण त्यांनी मोठी गाडी घेतली, आणि गाडी फाटकातून आत जाईना. त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं की साइडपट्टीवर सिमेंटचे गट्टू बसवून घेऊ, गाड्या उभ्या राहतील, चिखल मिटेल, एकदम शहरासारखं दिसेल. त्या वर्षी आम्हीही गाडी घेतली होती. मी हात वर केला. खोटं कशाला सांगू, सगळ्यात आधी वर केला.

नहरवाले काका बैठकीला बोलावलेले नव्हते, पण आले. म्हणाले, गट्टू बसवू नका, आणि बसवायचेच असतील तर झाडाच्या चारी बाजूंनी दोन-दोन हात माती उघडी सोडा.

"दो हाथ? किसके हाथ, काका? आपके या मेरे?" भैयांनी विचारलं. ते सहा फूट, हे पाच. सगळे हसले.

काकांनी बैठकीत नजर फिरवली. कोपऱ्यात गल्लीतला वायरमन बसला होता, लांबलचक, नुसता खांब. "याचे," ते म्हणाले, आणि त्याला हाताला धरून बाहेर नेलं. झाडाशी जमिनीवर पालथा झोपवून हात लांब करायला लावला आणि चुन्याने रेघ मारली. बावीस झाडांशी बावीस वेळा. वायरमन झोपला कसा, हे मला कोणी विचारू नये. मी मंगळवारी मशीन बंद केलं होतं तसाच झोपला असेल. बावीस झाडांचे चौकोन सोडून जे गट्टू बसले त्यावर गाडी तर सोडाच, सायकल सरळ उभी राहत नाही. भैयांची गाडी अजून मिलमध्ये असते.

आता धुऱ्यांविषयी, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं.

पावसाळ्यात काका दिवसभर रस्त्यावर असत. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फावडा. या झाडाचा धुरा फोड, त्याचा बांध, इकडचं पाणी तिकडे काढ. कुठला धुरा कधी फोडायचा आणि कधी पुन्हा लिंपायचा, हे फक्त त्यांना कळे. आम्ही खिडकीतून बघत असू. आम्ही राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी पाणी फाटकाच्या आत यायला लागलं, तेव्हा नवऱ्याने बाहेर जाऊन टाचेने एका धुऱ्याला खाच पाडली. पाणी निघून गेलं. पाचव्या मिनिटाला काका आले. मी त्यांना इतकं चिडलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"तुमी शेतकऱ्याच्या घरचे ना जी? दुसऱ्याचा धुरा फोडनं म्हंजे काय, मालूम नाई? यापायी गावात डोके फुटले हायेत!"

नवरा बँकेत कामाला असला तरी जन्म धानाच्या घरातला. तो खाली मान घालून उभा राहिला. मग फावडा मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने धुरा लिंपून दिला. मला ते दोघेही मूर्ख वाटले. पण गल्लीत कोणाचंच मत माझ्यासारखं नव्हतं. कोणाच्या फाटकात नाली तुंबवा, कोणाच्या भिंतीला गाडी घासा, भांडण होईल आणि मिटेल. दुसऱ्याच्या धुऱ्याला मात्र हात लावायचा नाही. या मातीतल्या माणसाला हे कोणी शिकवत नाही, त्याला ते आपोआप येतं. त्या दिवसानंतर काकांच्या धुऱ्याला कोणी बोट लावलं नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी, पावसाळा नुकता लागला होता, काका स्वतःच्याच धुऱ्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी नागपूरला न्यायला सांगितलं. मुलगी नागपूरलाच असते. गाडी आली, त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, सगळी गल्ली जमली. दुखण्याने तोंड पांढरं पडलेलं, तरी काच खाली करायला लावून त्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, टेल तुमच्याकडे. मी येईपर्यंत माह्या धुऱ्यायले कोनी हात नाई लावाचा. कोनी म्हंजे कोनी. भैयाले तर बिलकुल नाई."

भैया तिथेच उभे होते. "अरे काका, आप पहले ठीक होकर आओ," ते म्हणाले.

काकांना भीती होती ती गट्टूंची, हे मला तेव्हाही कळलं होतं. आपण नसताना हे लोक धुरे मोडून जमीन सपाट करतील आणि उरलेले गट्टू ठोकतील, ही ती भीती. पावसाचा विचार त्या घटकेला त्यांच्या डोक्यात नव्हता. माझ्याही नव्हता.

श्रावणात झड लागली. दिवस-रात्र, सात-आठ दिवस, मग एक दिवस ऊन, मग पुन्हा. बावीसच्या बावीस बांध्या भरल्या. हेडकडचं पाणी चरातून उताराने आमच्याकडे येई, आणि आमचा प्लॉट म्हणजे जुन्या मालकाची सगळ्यात खोल बांधी, चिकण मातीची. तिन्ही कडुनिंब वीतभर पाण्यात उभे. धानाचा हंगाम, सगळीकडे रोवण्या चाललेल्या, आणि पाण्याने भरलेली बांधी दिसली की आमच्याकडच्या माणसाला बरं वाटतं. जाणारे-येणारे थांबून बघायचे. "मस्त पानी साचलं जी," म्हणायचे. कोणाला काही वावगं दिसलं नाही.

मला दिसलं. ते इथे लिहूनच टाकते. मुळांनाही हवा लागते, हा पाठ चौथीला दर वर्षी मीच शिकवते. कुंडीत पाणी साचू देऊ नका, असं फळ्यावर लिहून देते. चौथ्या-पाचव्या दिवशी नवरा खिडकीशी उभा राहून म्हणाला, "फोडू का एखादा? त्यांना फोन करून विचारतो."

"नको," मी म्हटलं. "हात लावायचा नाही असं सांगून गेलेत. एकदा हात लावलास तर काय झालं होतं, विसरलास?"

हे मी काळजीने म्हटलं नाही. बरं वाटत होतं मला. दहा वर्षं पावणेसातला उठवलं, भावाची गाडी उन्हात लावली, मोठ्या सासऱ्यांना उपाशी उठवलं. आता घ्या, अक्षर न अक्षर ऐकते तुमचं. झाडाचं काय होईल असा विचार मनात आला की मी त्याला लगेच बाजूला सारत असे. झाडं मोठी आहेत, पाण्याने कुठे झाडं मरतात, असं काहीतरी स्वतःशीच बोलून.

आणि काकांचा फोन तर रोज यायचा. दवाखान्यातून, नंतर मुलीच्या घरून. प्रकृतीचं विचारलं की चिडायचे. त्यांचा प्रश्न ठरलेला.

"टेलले पानी हाये का?"

"भरपूर आहे, काका."

"बस्स," म्हणायचे, आणि इतक्या समाधानाने म्हणायचे की मला फोन ठेवावासा वाटायचा. साचलंय की वाहतंय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. जन्मभर टेलचं पाणी तुटलेलंच पाहिलेल्या माणसाला ते जास्तही होऊ शकतं हे कसं सुचणार? ते सांगायचं काम माझं होतं. रोज फोन हातात होता.

करंजांना पाण्यात उभं राहायला काही वाटत नाही. एकोणीस करंज तसेच हिरवेगार राहिले. कडुनिंबांची पानं भाद्रपदात पिवळी पडली. कडुनिंब उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळतो, पावसाळ्यात नाही, हेही मला माहीत होतं. मी अंगण झाडत राहिले. पानांचे ढीग रोज वाढत गेले. मग ढीगही थांबले, कारण गळायला काही उरलं नाही. एका सकाळी मीच फावडा घेऊन तिन्ही धुरे फोडले. पाणी गेलं. खाली काळा, वास मारणारा चिखल राहिला. नवऱ्याने धुरे परत लिंपले. "आल्यावर त्यांना फोडलेले दिसतील," म्हणाला. मी त्याला अडवलं नाही.

दसऱ्यानंतर काका एका दिवसासाठी आले. कायमचे आले नव्हते, ते नंतर कळलं. घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं, तेव्हापासून दोघं नागपूरलाच आहेत, मुलीच्या चौथ्या मजल्यावर. त्या दिवशी गाडीतून उतरून ते घरात गेलेच नाहीत. वॉकर पुढे टाकत थेट गल्लीत निघाले, एकेका झाडाशी थांबत. सरळ चालत आलं तर दोन मिनिटांची गल्ली, त्यांना पाऊण तास लागला. मी फाटकाच्या आत उभी राहून माझी वाक्यं तयार करत होते. तुम्हीच सांगितलं होतं. आम्ही काय करणार. निसर्गाचं काही सांगता येतं का. काकू मागून हळूहळू येत होत्या. त्यांच्या हातात त्या दिवशी वाटी नव्हती.

आमच्या फाटकाशी आले तेव्हा ते धापा टाकत होते. वर पाहिलं. तिन्ही झाडं आकाशात नुसत्या काड्या होऊन उभी होती. ते फाटकालगतच्या ओट्यावर टेकले, वाकता येत नव्हतं तरी वाकले आणि बोट मातीत घातलं, दोन पेरांपर्यंत. मग नाकाशी नेलं. अंगठ्याच्या नखाने जवळच्या झाडाची साल जरा खरवडली. खाली हिरवं नव्हतं. दुसऱ्या झाडाकडे वॉकर वळवला, आणि मध्येच थांबवला. तिसऱ्याशी गेलेच नाहीत.

"काका, तुम्हीच सांगून गेला होतात," मी सुरू केलं. "कोणी हात लावायचा नाही म्हणून. आम्ही कोणीही हात लावला नाही. भैयांनीसुद्धा नाही. यांनी फोडू का विचारलं, तर मीच नको म्हटलं."

"हो जी," ते म्हणाले. "मीच सांगतलो होतो."

त्यांनी रुमालाने बोट पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी काढला नाही.

"दहा वर्सं झाली," ते म्हणाले. "मुळावर गाडी लावू नका म्हनलो, लावल्या. फेसाचं पानी देऊ नका म्हनलो, तुमी दिलं. गट्टू बसवू नका म्हनलो, बसवले. या गल्लीत माहं एक बी कोनी ऐकलं नाई."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग असता तर मी भांडले असते, माझी तयारी होती. राग नव्हता. ते खरोखरच विचारत होते.

"मंग याच टायमाले काऊन ऐकलं, मॅडम?"

मला उत्तर माहीत होतं. म्हणून मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.